स्टॉर्मी डेलार्व्हरींवर लिहितेय, पण क्रियापद कुठलं लावू?

रानजाई | २ सप्टेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच पानावर अडले.

लेख स्टॉर्मी डेलार्व्हरी यांच्यावर आहे. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: जन्म १९२०, न्यू ऑर्लिन्स. आई काळी, वडील गोरे. १९५५ ते १९६९ 'ज्युएल बॉक्स रिव्ह्यू' या फिरत्या कार्यक्रमात गाणं आणि सूत्रसंचालन. त्याची जाहिरात असायची, 'पंचवीस पुरुष आणि एक मुलगी'. पंचवीस जण झगमगीत गाऊन घालून बायका व्हायचे. टक्सिडो घालून, खर्जातल्या आवाजात सगळ्यांची ओळख करून देणारा जो देखणा 'पुरुष', तीच ती एक मुलगी! काळे आणि गोरे कलाकार एकाच रंगमंचावर, हे त्या काळात फार कमी दिसायचं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या अपोलो थिएटरात त्यांचे प्रयोग लागत. पुढे आयुष्यभर अंगावर पुरुषी कपडे. वयाची ऐंशी उलटली तरी न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये लेस्बियन बारच्या दारावर पहारा, आसपासच्या रस्त्यांवर गस्त, जवळ परवान्याचं पिस्तूल. तिथल्या पोरींना 'माझ्या बेबी गर्ल्स' म्हणायच्या. २०१४ साली ब्रुकलिनमध्ये निधन, वय ९३.

बघा, 'म्हणायच्या' लिहून गेले. हाच माझा प्रश्न आहे. कच्च्या मसुद्यात एका ठिकाणी 'त्या उभ्या राहिल्या' आहे, स्टेजच्या वर्णनात आपोआप 'तो गाऊ लागला' झालंय, आणि एका परिच्छेदात 'ते'. संपादकांनी मसुदा परत पाठवला, 'एकवाक्यता ठेवा' असा शेरा मारून. त्यांचंही बरोबरच आहे.

हे नाव मला कळलं कामावरच्या एका बाईंकडून. मी न्यूयॉर्कजवळ, हडसन नदीच्या अलीकडच्या नेवार्कमध्ये इस्पितळात आहे. त्या पेशंटना व्हीलचेअरवरून नेण्या-आणण्याचं काम करतात. साठीच्या आहेत, काळ्या आहेत, स्वतःला 'स्टड' म्हणवतात, म्हणजे पुरुषी ढंगाने राहणारी लेस्बियन. गोऱ्या बायका 'बुच' म्हणतात त्याच्या जवळपासचा, पण काळ्या वस्त्यांमधला शब्द. एकदा डबा खाताना म्हणाल्या, "लिफ्टमध्ये लोक मला 'सर' म्हणतात आणि आवाज ऐकला की माफी मागतात. दुकानात सिक्युरिटीवाला मागे मागे फिरतो, तो कधीच माफी मागत नाही. पहिली चूक आहे. दुसरी चूक नाही."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. सांगा, काय लिहू? ती, तो, ते, त्या?

---

लिंबूटिंबू | रात्री ९:२२

बंगालीत लिहा. तिकडे क्रियापदाला लिंगच नाही. :)

---

सह्याद्री_७२ | रात्री ९:४७

मला यात गुंता दिसत नाही. जन्माने बाई, म्हणजे 'त्या'. कपड्यांवरून व्याकरण बदलत नाही. झाशीच्या राणीने पुरुषी वेश केला म्हणून आपण 'तो लढला' म्हणतो का?

दुसरं, दिवाळी अंकात परदेशी काळ्या लोकांचा हा विषय कितपत रुचेल याची शंका वाटते. खोडसाळपणे विचारत नाहीये. वाचक कोण आहे ते बघून लिहावं एवढंच.

---

ब्लूजवेडा | रात्री १०:३०

@सह्याद्री_७२, राणीला पुरुषी वेश केला म्हणून कोणी अटक करत नव्हतं. अमेरिकेत कित्येक शहरांत 'दुसऱ्या लिंगाचे कपडे' घालण्याविरुद्ध कायदेच होते. सॅन फ्रान्सिस्कोत १८६३ चा असा नियम थेट १९७४ पर्यंत पुस्तकात होता. कपड्यांनी व्याकरण बदलत नसेल, तुरुंगाचा पत्ता मात्र बदलायचा.

आता माझ्या आवडीचा विषय आलाच आहे तर जरा लांबण लावतो.

ग्लॅडिस बेंटली. जन्म १९०७, फिलाडेल्फिया. विशीच्या आत घर सोडून हार्लेमला. १३३ व्या रस्त्यावरच्या एका क्लबात पुरुष पियानिस्ट हवा होता, ही बाई गेली आणि बसली पियानोवर. पांढरा टक्सिडो, डोक्यावर टॉप हॅट, अडीच मण आवाज. त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांना चावट शब्द जोडायची आणि पुढच्या टेबलावरच्या बायकांना डोळा मारून गायची. लोक झुंडीने यायचे. श्रीमंत गोरेही गाड्या भरभरून यायचे.

त्याआधी मा रेनी. १९२८ ची तिची एक रेकॉर्ड आहे, तिच्या जाहिरातीत ती हॅट-कोट-टाय घालून दोन बायकांशी बोलतेय आणि पलीकडून पोलीस बघतोय. म्हणजे चोरूनमारून काही नव्हतं, जाहिरातीत छापलेलं होतं!

मग हवा बदलली. दारूबंदी उठली, मंदी आली, हार्लेमचे क्लब बसले. बेंटली कॅलिफोर्नियाला गेली. तिथे पँट घालून गायला क्लबला खास परवाना काढावा लागला. पन्नासच्या दशकात सरकारी नोकऱ्यांतून समलिंगी माणसं हुडकून काढण्याचं सत्र सुरू झालं. १९५२ मध्ये 'एबनी' मासिकात तिच्या नावाने लेख आला, 'मी पुन्हा स्त्री झाले आहे' या अर्थाच्या मथळ्याचा. सोबत फोटो: फुलाफुलांचा झगा, स्वयंपाकघर, नवऱ्यासाठी जेवण. संप्रेरकांच्या उपचारांनी बरी झाले असं त्यात म्हटलंय. १९६० मध्ये न्यूमोनियाने गेली, वय ५२.

तो स्वयंपाकघरातला फोटो मला बघवत नाही. टॉप हॅटमधल्या फोटोत जी ऐट आहे ती कुठे गेली, असं होतं.

---

चांदणचुरा | रात्री १०:४१

ब्लूजवेडा, 'अडीच मण आवाज' आवडलं. वाचनखूण साठवली.

---

शेवंता_अटलांटा | ३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

मी इथे शिकायला आहे. केस बारीक ठेवते. पहिल्या वर्षी नेहमीच्या सलूनमध्ये गेले तर दर वेळी मानेवर 'जरा बायकी' लट ठेवूनच द्यायचे. मग वर्गातल्या मैत्रिणीने एका काळ्या न्हाव्याच्या दुकानात नेलं. तिसऱ्या खुर्चीवर एक स्टड केस कापते. चाळिशीची असेल. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कपाळाची रेघ वस्तऱ्याने आखलेली, ओळंब्यात. मला विचारलं, 'कसं हवंय?' आणि जसं हवं होतं तस्संच कापलं. हे इतकं साधं आहे, पण मी घरी येऊन रडले.

तिच्याकडून कळलं की रविवारी चर्चला जाताना ती सूट घालते. आधीच्या चर्चमध्ये गायनवृंदात उभं राहायचं तर झगा घालून ये म्हणाले. तिने गाणं सोडलं, सूट नाही सोडला. आता दुसऱ्या चर्चमध्ये गाते.

तिचे ग्राहक तिला 'शी'च म्हणतात, काही जुने 'ब्रो' म्हणतात. ती दोन्हीला ओ देते.

---

सह्याद्री_७२ | सकाळी ८:०२

ब्लूजवेडा, कायद्यांची माहिती नव्हती. राणीचं उदाहरण मागे घेतो. दुसरी शंका मात्र कायम आहे.

---

गुरुजी_वाई | सकाळी ११:२०

रानजाई, तुमचा प्रश्न व्याकरणाचा आहे आणि व्याकरणातच थोडी वाट आहे. शाळेत तीस वर्षं हेच शिकवलं, म्हणून सांगतो.

मराठीत लिंग लपत नाही असं आपण म्हणतो, ते पूर्ण खरं नाही. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं. 'त्यांनी गाणं म्हटलं', 'त्यांनी टाय बांधला', 'त्यांनी पोरींना घरी पोहोचवलं'. 'त्यांनी' कोण, पुरुष की स्त्री? वाक्य सांगत नाही. 'त्यांना राग आला', 'त्यांचं वय झालं', यातही नाही. आदरार्थी बहुवचनाचा वर्तमानकाळ घ्या: 'जातात, गातात'. तिथेही नाही. आणि रीतिभूतकाळ, जो आजकाल कोणी वापरत नाही: 'म्हणत, गात, पहारा देत'. पुरुषालाही तोच, बाईलाही तोच. तुमचं 'म्हणायच्या' काढून 'म्हणत' करा. अडचण फक्त गेले-गेल्या, आले-आल्या, उभे-उभ्या अशा ठिकाणी येते. तेवढी वाक्यं वळवून घ्या.

---

पंचगंगा | सकाळी ११:५८

गुरुजी, आमच्या कोल्हापुरात ही अडचणच न्हाई बघा. माझी आज्जी, आई, मी, सगळ्या 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' असंच म्हणतो. पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा वर्गात हसू झालं होतं. 'तू मुलगा आहेस का?' मी म्हटलं, न्हाई, कोल्हापूरची आहे.

---

लिंबूटिंबू | दुपारी १२:०४

मग बंगालीची शिफारस मागे. कोल्हापुरीत लिहा!

---

निळावंती | दुपारी २:३५

सह्याद्री_७२ यांच्या दुसऱ्या शंकेबद्दल. दिवाळी अंकात 'परदेशी काळ्या लोकांचा विषय' कशाला? कारण हा विषय मराठीत दीडशे वर्षांपूर्वीच आलाय. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस या काळ्या अमेरिकी विचारवंतांना पत्र लिहिलं. १९७२ ची दलित पँथर अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेते हे सगळ्यांना माहीत आहे. धागा आपणच जोडलाय.

उलट्या बाजूनेही जोडलेला आहे, आणि तो या धाग्याच्या विषयातच बसतो. पॉली मरी. जन्म १९१०, बाल्टिमोर. वाढ डरहममध्ये, मावश्या आणि आजी-आजोबांच्या हाताखाली. जिने वाढवलं ती पॉलीन मावशी या लेकराला 'माझा छोटा मुलगा-मुलगी' म्हणायची. तरुणपणी पॉलींनी पँट घालून देशभर प्रवास केला, डॉक्टरांकडे पुरुषी संप्रेरकं मागितली, मी आतून पुरुष आहे हे परोपरीने सांगितलं. डॉक्टरांनी दिली नाहीत. १९४० मध्ये व्हर्जिनियात पीटर्सबर्गला बसमध्ये मागच्या मोडक्या सीटवरून पुढे सरकल्याबद्दल पॉली आणि एका मैत्रिणीला अटक झाली. त्या वेळी दोघींनी जाणूनबुजून वापरलेली पद्धत होती सत्याग्रह. गांधींचं वाचून घेतलेली. १९४३-४४ मध्ये हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर वॉशिंग्टनच्या गोऱ्यांच्या उपाहारगृहांत ठिय्या दिला, तोही त्याच वळणाचा.

पुढे वकिली. वंशभेदाच्या कायद्यांना 'जिम क्रो' म्हणत, मरींनी त्याला जोड दिली 'जेन क्रो' या शब्दाची: काळी बाई म्हणून दोन्हीकडून बसणारा मार. हार्वर्डने पुढच्या शिक्षणाला प्रवेश नाकारला, कारण बाई. १९७१ च्या स्त्री-पुरुष समानतेच्या एका मोठ्या खटल्यात रूथ बेडर गिन्सबर्ग (तेव्हा वकील, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश) यांनी निवेदनाच्या मुखपृष्ठावर मरींचं नाव घातलं, ऋण म्हणून. १९७७ मध्ये एपिस्कोपल चर्चच्या पुरोहित, त्या चर्चमधली पहिली काळी स्त्री.

'पहिली स्त्री' म्हणून सत्कार, आणि आयुष्यभर मनात वेगळंच. आत्मचरित्रात स्वतःला 'ती'च म्हटलंय. तिथे आपण 'तो' लिहायचा अधिकार घ्यावा का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक विनंती. 'वर्ण म्हणजे जात, जात म्हणजे वर्ण' असं सरसकट करू नका. रंग दिसतो, जात विचारली जाते. मार सारखा लागला तरी मारण्याची रीत वेगळी आहे आणि ती नीट बघावी लागते.

---

ब्लूजवेडा | दुपारी २:५०

निळावंती, मरींचं नाणं निघालंय. २०२४ चं, पाव डॉलरचं. भावाने पाठवलं होतं. 'होप' अशी अक्षरं आणि त्यांच्या आत मरींचा चेहरा. घरी गेलो की बघतो.

---

मनीमाऊ_ठाणे | दुपारी ४:१०

थोडं विषयांतर. 'काळे' हा शब्द लेखात चालेल का? 'कृष्णवर्णीय' जास्त सभ्य वाटतं.

---

निळावंती | दुपारी ४:२२

मनीमाऊ, 'कृष्णवर्णीय' वर्तमानपत्री आहे. त्या लोकांनी 'ब्लॅक' शब्द छाती पुढे काढून निवडलाय. आपल्याला 'काळा' म्हणायला संकोच वाटतो, कारण आपल्या घरात तो शब्द शिवीसारखा वापरलाय. लग्नाच्या जाहिरातीत 'गव्हाळ' लिहिणारे आपण. संकोच आपला आहे, शब्दाचा दोष नाही.

---

रानजाई | रात्री ८:३०

मी 'काळे'च लिहिणार आहे. नेवार्कमध्ये घर घेतलं तेव्हा नात्यातल्या एका काकूंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, 'तिकडे काळ्यांची वस्ती आहे ना गं?' तोच शब्द मला त्यांच्यासमोर सरळ ठेवायचाय.

गुरुजी, तुमचा प्रतिसाद कागदावर उतरवून घेतला. खरंच डोळे उघडले.

आणि आता नेवार्कचं एक. साकिया गन. पंधरा वर्षांची काळी मुलगी, स्वतःला 'एजी' म्हणवायची, म्हणजे 'अग्रेसिव्ह'. स्टडसारखाच शब्द, त्या पिढीच्या पोरींचा. ११ मे २००३ ची पहाट. मैत्रिणींबरोबर ग्रिनिच व्हिलेजमधून परत आली होती, बसची वाट बघत होती. गाडीतून दोन पुरुष उतरले, लगट करू लागले. पोरी म्हणाल्या, आम्ही लेस्बियन आहोत. साकियाला भोसकलं. ती मैत्रिणीच्या मांडीवर गेली.

अंत्ययात्रेला हजारो माणसं होती, त्यात शाळकरी पोरंच जास्त. पाच वर्षं आधी वायोमिंगमध्ये एका गोऱ्या समलिंगी मुलाला मारलं तेव्हा सगळा देश हलला होता. साकियाचं नाव नेवार्कबाहेर फारसं गेलं नाही. कामावरच्या बाई त्या अंत्ययात्रेत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या पोरी गाडी बदलून नदीपलीकडे जायच्या, कारण तिथे तरी कोणी दारावर उभं असायचं. इथे बसथांब्यावर कोणी नव्हतं."

मला स्टॉर्मींवर लिहावंसं वाटलं ते यासाठी. स्टोनवॉलच्या रात्रीसाठी, म्हणजे १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या त्या समलिंगी बारवर पोलिसांनी धाड घातली आणि लोक उलटले त्या रात्रीसाठी, नव्हे.

---

शेवंता_अटलांटा | रात्री ८:४४

वाचून गप्प झाले.

---

कट्टाकार | रात्री ९:१५

पण स्टोनवॉल टाळून कसं चालेल? २८ जून १९६९. पोलिसांशी झटापट करणारी ती बुच बाई स्टॉर्मीच ना?

---

रानजाई | रात्री ९:४०

कट्टाकार, एका बुच बाईला पोलीस ओढत नेत होते, ती प्रतिकार करत होती आणि ते बघून गर्दी पेटली, हे बऱ्याच साक्षीदारांनी सांगितलंय. ती स्टॉर्मीच, असं पुष्कळ जण मानतात, स्टॉर्मीही तसं म्हणत. सगळ्यांचं एकमत नाही. एक गोष्ट मात्र स्टॉर्मी ठासून सांगत: ती दंगल नव्हती, तो उठाव होता.

---

अर्धविराम | ४ सप्टेंबर, पहाटे ५:५०

कालपासून वाचतोय. टोरांटोहून. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी ठरवलेला पुरुष, मूळचा सोलापूरचा. इथे पहिल्यांदाच हे लिहितोय.

आधी एक गाठ सोडवतो. बुच बाई म्हणजे ट्रान्स पुरुष नव्हे. शेवंताची केस कापणारी स्टड ही बाई आहे, तिच्या पद्धतीची बाई. मी बाई नव्हतोच. बाहेरून दोघांचा शर्ट सारखा दिसेल. मधल्या रेषेवर राहणारेही आहेत, मरी कदाचित तिथले. म्हणून सगळ्यांना एकच क्रियापद पुरणार नाही. ज्याने जे सांगितलं ते लावावं, आणि सांगायची मुभाच मिळाली नसेल तर गुरुजींची वाट धरावी.

आता रंगाचं. माझा एक काळा मित्र आहे, ट्रान्स. आम्ही साधारण एकाच वेळी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, सुरू केलं. आवाज फुटला, दाढी आली. माझ्याबाबतीत काय झालं? बैठकीत लोक माझं बोलणं मध्ये तोडेनासे झाले. त्याच्याबाबतीत? रात्री समोरून येणाऱ्या बायका रस्ता ओलांडू लागल्या. पोलिसांनी गाडी थांबवण्याचं प्रमाण वाढलं. तो म्हणतो, "मी पुरुष झालो नाही, मी काळा पुरुष झालो." आधी काळी स्टड म्हणून दुकानात संशय होताच, पण लोकांना तेव्हा तो हसण्यासारखा वाटायचा, आता भीतीदायक वाटतो. तो आता लिफ्टमध्ये शिरला की हात खिशाबाहेर ठेवतो. मी नाही ठेवत. मला तसं करायचं कधी सुचलंही नाही.

मे २०२० मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहासीत टोनी मॅकडेड या काळ्या ट्रान्स पुरुषाला पोलिसांनी गोळ्या घातल्या, जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसांच्या हातून गेल्यानंतर दोनच दिवसांनी. सुरुवातीच्या बातम्यांत त्याला बाई म्हटलं होतं. त्या दिवशी माझा मित्र म्हणाला, "मला मारलं तर निदान नाव तरी बरोबर छापायला सांग."

त्याच वर्षी १४ जूनला ब्रुकलिन म्युझियमसमोर काळ्या ट्रान्स जिवांसाठी हजारो लोक पांढरे कपडे घालून जमले. पांढरे का, तर १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काळ्या लोकांनी मूक मोर्चा काढला होता, बायका-मुलं पांढऱ्या कपड्यांत. तो धागा पकडून. मित्र गेला होता. फोटोत नुसतं पांढरं पांढरं दिसतं.

---

सह्याद्री_७२ | सकाळी ८:३०

अर्धविराम, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सोलापुरात कुठले? मी जुळे सोलापूरचा.

---

अर्धविराम | सकाळी ८:५२

साखर पेठ. शेंगाचटणीवर अजून जीव आहे.

---

मनीमाऊ_ठाणे | सकाळी ९:३०

ट्रान्स स्त्रियांबद्दल कोणीच बोललं नाही. मार्शा पी. जॉन्सन? तिचं चित्र मी टी-शर्टवर बघितलंय, डोक्यात फुलं असलेलं.

---

अर्धविराम | सकाळी १०:०५

मार्शा, अर्थातच. जन्म १९४५, न्यू जर्सीतलं एलिझाबेथ, म्हणजे रानजाईंच्या शेजारचंच गाव. 'पी' म्हणजे काय असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'पे इट नो माइंड'. 'त्याकडे लक्ष नका देऊ.' न्यायाधीशालाही हेच सांगितलं म्हणतात. १९७० मध्ये मैत्रीण सिल्व्हिया रिव्हेराबरोबर रस्त्यावर राहणाऱ्या ट्रान्स पोरांसाठी संघटना काढली, त्यांना निवारा दिला, भाडं स्वतः धंदा करून भरलं. १९९२ मध्ये हडसन नदीत प्रेत सापडलं. पोलिसांनी घाईने आत्महत्या ठरवली, मित्रमंडळींनी कधीच मानलं नाही.

टी-शर्टवर फुलं येतात, भाडं येत नाही. २०१५ साली अमेरिकेत सत्तावीस हजारांवर ट्रान्स लोकांची पाहणी झाली; त्यातल्या काळ्या लोकांपैकी ३८ टक्के गरिबीत होते. देशाची सरासरी तेव्हा १२ टक्के. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टोनवॉल स्मारकाच्या सरकारी पानावरून 'ट्रान्सजेंडर' शब्दच काढून टाकला. रानजाईंना क्रियापद सापडत नाही, तिकडे नामच खोडलं.

---

कट्टाकार | दुपारी १२:१५

रानजाई, मला भन्नाट कल्पना सुचलीय! ज्युएल बॉक्समध्ये प्रेक्षक रात्रभर शोधायचे ना, की 'एक मुलगी' कोणती? आणि शेवटी कळायचं की ती सूटवाली. मग लेखही तसाच लिहा. गुरुजींच्या युक्तीने पानभर लिंग लपवा, आणि शेवटच्या वाक्यात एकदम 'त्या बाई होत्या!' वाचक खुर्चीतून उठेल.

---

चांदणचुरा | दुपारी १२:२०

वा! भारी. +१

---

ब्लूजवेडा | दुपारी १२:२५

+१. मराठीत असं काही वाचलेलं नाही.

---

अर्धविराम | दुपारी १:४०

माझं -१. रागावू नका, कारण सांगतो.

स्टेजवर ते कोडं स्टॉर्मींनी स्वतः घातलं होतं. तिकीट काढून आलेल्यांना, स्वतःच्या मर्जीने, रोजगार म्हणून. रस्त्यावर तेच कोडं दुसरे लोक आमच्यावर घालतात. 'हा की ही?' बसमध्ये, दवाखान्यात, विमानतळावर.  आपण वाचकाला पानभर तेच करायला लावायचं, आणि शेवटी टाळी घ्यायची? माझी आई मला सहा महिने असंच बघत होती, चेहऱ्यात काहीतरी शोधत.

पहिल्याच ओळीत सांगून टाका. मग लपवायचं काही उरत नाही, आणि वाचक माणसाकडे बघेल.

---

कट्टाकार | दुपारी २:१०

अर्धविराम, पटलं. कल्पना मागे घेतो. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

पंचगंगा | दुपारी २:३०

अर्धविराम, आई आता कशी बोलते तुमच्याशी?

---

अर्धविराम | दुपारी २:४५

मागच्या गणपतीत फोनवर म्हणाली, 'जेवलास का?' इतकंच. 'जेवलीस' नाही.

---

पंचगंगा | दुपारी २:४७

❤️

---

रानजाई | ५ सप्टेंबर, रात्री ११:०५

पहिला परिच्छेद नव्याने लिहिला. सांगा.

"स्टॉर्मी डेलार्व्हरी बाई होत्या आणि सूट घालत. जन्म न्यू ऑर्लिन्सचा, १९२० चा. आई काळी, वडील गोरे. लुइझियानात तेव्हा अशा लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती, आणि स्टॉर्मींच्या हाती जन्माचा दाखला कधी आला नाही. २४ डिसेंबर हा वाढदिवस त्यांनी स्वतः ठरवला. लहानपणी वर्णावरून पोरांनी मारलं, ते त्यांनी कधी विसरलं नाही. चौदा वर्षं त्यांनी टक्सिडो घालून पंचवीस पुरुषांची ओळख करून दिली. मग ग्रिनिच व्हिलेजमधल्या बारच्या दारावर पहारा दिला आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर गस्त घातली, वयाची ऐंशी उलटेपर्यंत. छळ, दमदाटी, हिणवणं, या सगळ्याला त्यांचा एकच शब्द होता: 'अग्लीनेस', ओंगळपणा. तो आपल्या गल्लीत दिसता कामा नये, असं त्या म्हणत. नदीच्या अलीकडे, नेवार्कच्या बसथांब्यावर, असा पहारा कोणी दिला नाही."

मरींवर वेगळा लेख लिहायचा म्हणतेय. त्यात फक्त 'पॉली' आणि 'त्यांनी', आणि असं का केलं ते एका ओळीत सांगून टाकेन. निळावंती, मदत कराल ना?

कामावरच्या बाईंना इंग्रजीत वाचून दाखवलं. म्हणाल्या, मला मराठी छापील प्रत हवी. वाचता येणार नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "सूट हा शब्द कुठे आहे तेवढं बोट ठेवून दाखव."

---

निळावंती | रात्री ११:२०

करेन. पीटर्सबर्गच्या बसपासून सुरू करू.

---

सह्याद्री_७२ | ६ सप्टेंबर, सकाळी ७:४०

अंक आला की इथे टाका. माझी शंका मिटली.

---

गुरुजी_वाई | सकाळी ९:१५

छान झालंय. एकच दुरुस्ती: 'त्यांनी कधी विसरलं नाही' हे चुकतं. विसरणे सकर्मक असलं तरी त्याला 'ने' लागत नाही, 'त्या विसरल्या' होतं. लिंग लपवायचं तर 'ते त्यांच्या कायम लक्षात राहिलं' करा. तुम्ही पहिल्या ओळीत सांगितलंच आहे, तेव्हा 'विसरल्या नाहीत' केलंत तरी चालेल.

आणि संपादक 'पहारा दिला आणि गस्त घातली' यातलं एक काढा म्हणतील, अर्थ जवळपास एकच म्हणून. काढू नका. पहारा पुल्लिंगी आहे, गस्त स्त्रीलिंगी.

---

रानजाई | सकाळी ९:४८

दोन्ही ठेवले. 'विसरल्या नाहीत' केलं. आज रात्री पाठवते.